आमच्याकडे सगळं नियमानं होतं

माझा राग नाकावर असतो असं आमच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. पण त्याच नाकाच्या जोरावर मी चौतीस वर्षं काढली. जंतू वाढवलेल्या प्लेटचं झाकण जरा उचलायचं, नाकाशी धरायचं आणि सांगून टाकायचं. पिकल्या द्राक्षांचा वास आला की एक जंतू, जळक्या चॉकलेटचा आला की दुसरा, घोड्याच्या तबेल्याचा आला की तिसरा. यंत्राला जे दुसऱ्या दिवशी कळतं ते मी उभ्या उभ्या सांगायचे. भिंतीवर पाटी होती, 'प्लेटचा वास घेऊ नये.' ती लावणाऱ्यानं जन्मात कधी प्लेट हातात धरली होती का, असं मी चारचौघांत विचारायचे आणि सगळे हसायचे.

वर्षातून एकदा तपासणीला माणसं यायची, नाकानं कांदे सोलणारी. त्यांनी काहीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचं, हे मी प्रत्येक नव्या माणसाकडून घोटून घेतलं होतं. "आमच्याकडे सगळं नियमानं होतं." एवढं बोलायचं आणि तोंड मिटायचं. या एका वाक्यावर आम्ही किती तपासण्या पार केल्या त्याची गणती नाही.

माझ्या हाताखाली शिकलेल्यांत माझं नाक उचललं ते एकीनंच. तिचं स्वतःचं नाक एवढंसं, चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं, म्हणून मी तिला पहिल्याच आठवड्यात नकटी म्हणायला लागले. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. पुढे नवराही तिला घरी त्याच नावानं हाक मारायला लागला, म्हणजे बघा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्याच दवाखान्याच्या लिफ्ट त्याच्याकडे आहेत आणि त्यांची ओळखही लिफ्ट बंद पडली तेव्हाच झाली. लग्नानंतर सहा वर्षांनी नकटीला दिवस गेले. गरोदरपणात तिचं नाक असं तीक्ष्ण झालं की कोणी दार उघडून आत आलं तरी ती मान वर न करता ओळखायची. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. पोटच्या पोरीचा वाटावा तसा.

तो मंगळवार होता. नकटीला सातवा संपत आला होता. एका ट्रकवाल्याच्या थुंकीची प्लेट उबेच्या कपाटात सहा दिवस पडून होती, कारण वरच्या डॉक्टरांनी ती जास्त दिवस ठेवायला सांगितली होती. मी बाहेर काढली तर वर पांढरा कापूस आलेला. असा कापूस महिन्यातून चारदा दिसतो. हवेतली बुरशी चुकून पडते आणि प्लेट वाया जाते. अशी प्लेट उघडायची तर हवा आत ओढणाऱ्या बंद काचेच्या कपाटात उघडायची, असा नियम. ते कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मी जागच्या जागी झाकण उचललं, स्वतः हुंगलं, मग हात लांब करून तिच्या नाकाखाली धरलं आणि म्हटलं, "नकटे, सांग बरं काय आहे हे."

तिनं डोळे मिटून खोल श्वास घेतला. मी शिकवला होता तसा, पोटापर्यंत. "काहीच नाही बाई," ती म्हणाली. "धुळीसारखा येतोय. बंद घराचा असतो ना, तसा."

मी रजिस्टरमध्ये 'वाया' असं लिहिलं आणि प्लेट वाफेच्या भट्टीत धाडली.

पुढच्याच आठवड्यात मला ताप आला. अंग मोडून आलं, गुडघे धरले, दोन्ही नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. वय झालं, दुसरं काय, म्हणून मी घरी पडून राहिले. निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेव्हा शरीरालाही घाई झाली असेल असं मी शेजारणीला सांगितलं. नकटी आजारी आहे हे मला फोनवर कळलं, पण खोकला म्हणजे कोणालाही होतो. मी दोन आठवड्यांनी कामावर परतले, त्या सकाळी खिडकीशी तिचा नवरा उभा होता. हातात थुंकीची डबी होती. दाढी वाढलेली, आणि ज्या माणसाच्या खिशात कायम स्क्रू खुळखुळायचे त्याचे खिसे रिकामे होते.

त्यानं जे सांगितलं ते असं. नकटी नऊ दिवस तिसऱ्या मजल्यावर होती. न्यूमोनियाची औषधं चालू होती, तीही एकदा बदलून झाली होती. ताप हलत नव्हता. रात्री अंगाखालची चादर पिळून काढावी इतका घाम यायचा. नाकातली ऑक्सिजनची नळी पुरेनाशी झाली होती. छातीच्या डॉक्टर आता क्षय धरून चालल्या होत्या, दुपारपासून त्याच्या गोळ्या सुरू होणार होत्या. बाळाची वाढ मंदावली होती. आणखी दोन दिवस वाट बघून बाळ बाहेर काढावं लागेल, आणि ते आईला झेपेल की नाही ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

मी विचारलं, तिनं कामाबद्दल काही सांगितलं का डॉक्टरांना.

"विचारलं त्यांनी," तो म्हणाला. "लॅबमध्ये काही अंगावर उडालं का, काही उघडलं का. ती म्हणाली, आमच्याकडे सगळं नियमानं होतं."

डबी मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, नाहीतर ती पडली असती.

तो गेल्यावर मी पहिल्यांदा चिठ्ठ्यांच्या तारेकडे गेले. प्रत्येक नमुन्याबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी येते आणि काम झालं की आम्ही ती तारेत खोचून ठेवतो. ट्रकवाल्याची चिठ्ठी सापडायला वेळ लागला नाही. पुढच्या बाजूला नाव, वय, थुंकी, एवढंच. मागच्या बाजूला, जी मी चौतीस वर्षांत कधी फारशी उलटून बघितली नाही, बारीक अक्षरात चार ओळी होत्या. रुग्ण पाच महिने परमुलखातल्या कोरड्या, धुळीच्या माळावर रस्त्याच्या कामाला होता. तिथल्या मातीतल्या बुरशीचा संशय आहे. प्लेटवर वाढली तर बाहेर उघडू नये, श्वासातून जाते.

ती बुरशी मला माहीत होती. पुस्तकात वाचली होती, परीक्षेत तिच्यावर उत्तर लिहिलं होतं. धडधाकट माणसाला ती बहुधा तापावर सोडते. गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या महिन्यांत, ती सोडत नाही. फुप्फुसातून निघते आणि अंगभर पसरते. न्यूमोनियाच्या औषधांना ती दाद देत नाही आणि क्षयाच्या गोळ्यांनाही. आपल्या नडग्यांवर काय उठलं होतं तेही मला त्या क्षणी कळलं.

तेव्हाच जिना चढून वर जायला हवं होतं. तीन मजले. मी गेले नाही.

मी काय केलं तेही सांगते, कारण ते सांगायलाच बसले आहे. मी स्वतःशी म्हटलं, डबी हातात आहेच. स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघू. जाड भिंतीच्या, आत दाणे भरलेल्या गोल पिशव्या दिसल्या की झालं. मी वर कळवीन, थुंकीत बुरशी सापडली. प्लेटचं नाव निघणार नाही, माझं निघणार नाही, पोरीला औषध मिळेल. कातडीही वाचेल आणि जीवही वाचेल. स्लाइड मी काचेच्या कपाटात केली. हातमोजे, मुखपट्टी, सगळं घालून, पाटीवर लिहिल्याप्रमाणे. रजिस्टरमध्ये 'बुरशीसाठी स्लाइड' असं लिहून वेळ टाकली, नऊ वाजून दहा मिनिटं. वेळ टाकायची हाताला सवय होती.

पहिल्या स्लाइडमध्ये काही नव्हतं. दुसऱ्या स्लाइडमध्ये पेशी आणि कचरा. तिसरी मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाऊण तास बघितली, डोळ्यातून पाणी यायला लागलं. एका जागी गोल काहीतरी दिसलं आणि काळीज लक्कन हललं, पण तो हवेचा बुडबुडा होता. या पिशव्या थुंकीत सापडल्या तर सापडल्या, नाहीतर नाही, हेही मी परीक्षेत लिहिलं होतं. मी चौथी स्लाइड केली. मग पाचवी. मधे कोणीतरी विचारलं, बाई, जेवणार नाही का. मी त्याच्या अंगावर ओरडले. घड्याळाकडे मी बघत नव्हते असं म्हणायला बरं वाटेल, पण मी दर दहा मिनिटांनी बघत होते. बारा वाजले तेव्हा वर तिला क्षयाच्या गोळ्या दिल्या असतील हे मला ठाऊक होतं.

दीड वाजता मी वर गेले. सांगायला नाही, बघायला. अजूनही मला वाटत होतं की आपण जाऊ, बघू, ती बरी दिसेल.

तिच्या तोंडावर मोठा मास्क होता. गालफडं बसली होती आणि त्यामुळे ते एवढंसं नाक चक्क मोठं दिसत होतं. पोटावर पट्टा बांधलेला, आणि त्याच्या यंत्रातून बाळाच्या काळजाचे ठोके खोलीभर ऐकू येत होते. कोपऱ्यात तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या ठोक्यांवर अशा कान लावून होत्या की माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. नकटीनं मला बघितलं आणि डोळ्यांनी जवळ बोलावलं. मास्क जरासा बाजूला केला. एकेका शब्दाला तिला श्वास घ्यावा लागत होता.

"बाई, काळजी करू नका. मी तुमचं नाव येऊ दिलं नाही."

मी तिचा मास्क नीट बसवला. तेवढ्यात यंत्रातले ठोके मंदावले. एकदम नाही, पण ऐकणाऱ्याला कळावं इतके. सासूबाई उभ्या राहिल्या. परिचारिका धावत आली, तिनं नकटीला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन वाढवला आणि पट्टा सरकवून बघितला. आम्ही तिघी त्या आवाजाकडे बघत राहिलो, जणू तो दिसतो. किती वेळ गेला कोण जाणे. मग ठोके हळूहळू पूर्वपदावर आले. सासूबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या.

छातीच्या डॉक्टर मला बाहेर जिन्याच्या तोंडाशी भेटल्या. बाई लहानखुरी, माझ्या निम्म्या वयाची, कमी बोलणारी. मी ट्रकवाल्याची चिठ्ठी तिच्या हातात दिली, उलटी करून. मग सगळं सांगितलं. प्लेट, कापूस, उचललेलं झाकण, नाकाखाली धरलेला हात. माझं सांगून झाल्यावर मी वाकले आणि पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर घेतले. जाणारे येणारे बघत होते. गाठी आता जांभळ्या पडत चालल्या होत्या.

तिनं खाली बसून एक गाठ बोटानं दाबली. मी ओठ चावला.

"ह्या गाठी उठतात त्यांचं शरीर लढत असतं," ती म्हणाली. "तिच्या पायांवर एकही नाही. मी रोज बघते, का नाही ते मला कळत नव्हतं." मग उभी राहून तिनं विचारलं, "तुम्हाला हे कळलं कधी?"

"आत्ताच," मी म्हणाले.

पुरावा अजून काही नाही, तिनं सांगितलं, रक्ताचा निकाल यायला दोन दिवस लागतील आणि तिच्याकडे दोन दिवस नाहीत, तेव्हा मी तुमच्या शब्दावर औषध सुरू करते आहे. औषध जहाल आहे, मूत्रपिंडं धरतं, पण गरोदर बाईला यातल्या त्यात तेच चालतं. क्षयाच्या गोळ्या बंद. कागदावर तिनं दोन वाजून पाच मिनिटं अशी वेळ घातली आणि आत गेली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सलाइनमधून ते औषध चढायला लागलं की नकटीला अशी हुडहुडी भरायची की पलंगाच्या सळ्या वाजायच्या. नवरा तिच्या पायांवर आडवा पडून राहायचा. दिवसातून दोनदा रक्त खाली यायचं, मूत्रपिंडं बघायला, आणि ते बघायला मला मनाई होती. प्रयोगशाळेच्या साहेबांनी मला त्याच संध्याकाळी टेबलावरून उठवलं होतं. मी व्हरांड्यात बाकावर बसून दाराकडे बघायचे आणि कोणी बाहेर आलं की तोंडावरून निकाल ओळखायला बघायचे. दोन दिवसांनी रक्ताचा निकाल आला, तिचाही आणि माझाही. तीच बुरशी. औषधाच्या नवव्या दिवशी ताप शंभराच्या खाली उतरला आणि पुन्हा चढला नाही. नवऱ्यानं व्हरांड्यात येऊन मला ते सांगितलं. पुढे आणखी काही बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन कमी, पण आवाज असा की सासूबाई म्हणाल्या, ही लिफ्टमध्ये अडकली तर घंटा दाबायची गरज नाही. चार दिवस काचेच्या पेटीत ठेवली आणि घरी सोडली.

चौकशी झाली. मी काही लपवलं नाही, म्हणजे तेव्हा मला तसंच वाटत होतं. तपासणीच्या माणसांसमोर मी पहिल्यांदा ते पाठ केलेलं वाक्य म्हटलं नाही. उरलेल्या महिन्यांसाठी मला नमुने घ्यायच्या खिडकीवर बसवलं. चिठ्ठी घ्यायची, शिक्का मारायचा, नमुना आत द्यायचा. मी प्रत्येक चिठ्ठी उलटून बघते. लोक रांगेत कुरकुरतात. कुरकुरू देत.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर नकटी तिला घेऊन आली. बाळाचं रक्त एकदा शेवटचं तपासायचं होतं, बुरशीचा काही अंश उतरला नाही ना म्हणून. ती हाडकुळी झाली होती. गोळ्या अजून चालू होत्या. मला बघून हसली, जशी नेहमी हसायची तशी, आणि माझ्या मनावरचं एवढं मोठं ओझं उतरलं. रक्त देऊन झाल्यावर ती आत गेली, जुन्या मैत्रिणींना भेटली आणि निकाल येईपर्यंत वेळ होता म्हणून तिनं रजिस्टर मागितलं. आपल्या आजाराची नोंद बघायची होती तिला. आमच्यातल्या कोणालाही ते वाटलं असतं.

तासाभरानं बाळाचा निकाल आला. स्वच्छ. मी खिडकीतून कागद पुढे केला, पण तिनं तो लगेच घेतला नाही.

"बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी डॉक्टरांना सांगितलं नाही ती माझी चूक. पण मला माहीत नव्हतं ते काय होतं. मला वाटलं, धूळ." मुलीला तिनं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुम्ही पहिली स्लाइड नऊ दहाला केलीत. बुरशीचीच केलीत, तसं लिहिलंय. डॉक्टरांच्या कागदावर दोन पाच आहे. आम्हाला त्यांनी सांगितलं, बाईंना कळलं तशा त्या धावत आल्या."

मागे रांगेत तिघं होते. कोणाचं तरी मूल रडत होतं. मी तोंड उघडलं आणि जे ओठावर आलं ते काय होतं हे सांगायचीही मला लाज वाटते. चौतीस वर्षं घोटलेलं वाक्य होतं ते. मी ते गिळलं.

"हो," मी म्हणाले. "नऊ दहाला मला माहीत होतं."

तिनं मान हलवली. मला वाटलं, आता ती जाईल. पण निकाल मिळाल्याची सही करावी लागते आणि तिचे हात मोकळे नव्हते. रांगेतल्यांत तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं. तिनं क्षणभर विचार केला आणि खिडकीतून मुलगी माझ्याकडे दिली, मग पेन उचललं.

सही करायला तिनं घाई केली नाही. मुलीनं माझ्या गळ्याशी डोकं टेकवलं. तिची टाळू माझ्या नाकापासून चार बोटांवर होती, ऊबदार. तिची आई कागद घडी घालून पिशवीत ठेवेपर्यंत मी श्वास रोखून उभी राहिले.